पाचवी ओंजळ

८ डिसेंबर १९७४, रविवार

दुपारी डाळ निवडत बसले होते. मठाचा माणूस आला, सायकल भिंतीला टेकवली आणि दारातूनच म्हणाला, ठरलं. माघ शुद्ध त्रयोदशी, सोमवार. माझ्या बसूचा पट्टाभिषेक, मठाच्या गादीवर.

दुष्काळाच्या सालापासून हे लांबणीवर पडत होतं. विहिरीत पाणी नाही, माणसं खडी फोडायला गेलेली, कुणाच्या जिवावर सोहळा करणार? मला आपलं वाटत राहिलं, असंच लांबत लांबत राहून जाईल. दुष्काळाचे आभार मानणारी परभणी जिल्ह्यात मी एकटीच असेन. बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

ह्यांनी माणसाला गूळपाणी दिलं. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला. मी डाळ निवडत राहिले. खडे ताटात आणि डाळ अंगणात, असं चाललं होतं ते सा.बा.नी दाखवल्यावर कळलं.

११ डिसेंबर, बुधवार

शाळेत सगळ्यांना कळलंय. हेडमास्तरांनी पेढे मागितले. "आता तुम्ही राजाच्या आई" म्हणे. खरंच आहे, मठात सगळं राजासारखंच. गादी, छत्र, चवऱ्या, किरीट, हत्ती. राज्य तेवढं नसतं, आणि राणी. आणि आई.

मधल्या सुट्टीत वाघमारेबाई शेजारी येऊन बसल्या. त्या चौथीला शिकवतात, मी दुसरीला. घर बौद्धांचं, त्यांच्याकडं असले सोहळे नाहीत, त्यामुळं सरळ विचारतात. "नेताना तुमाला कुणी विचारलं होतं का, स्वामीबाई?"

नव्हतं विचारलं. मठाच्या गादीवरचे थोरले अप्पा म्हणजे ह्यांचे सख्खे चुलते. गादी घराण्यातच राहते, आणि पुढच्या पिढीत मुलगा एकच, माझा. विचारायचं काय त्यात? नऊ वर्षांचा होता. मामंजी त्याला घेऊन सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरले, तिथून बैलगाडीनं मठात. मी तेव्हा शाळेत पाढे म्हणून घेत होते. सांगितलं होतं की अप्पांना भेटवून आणतो. नंतर त्याला शिकायला काशीला धाडलं. मधे एकदा आला, मामंजी गेले तेव्हा. मयताच्या घरात कोण कुणाशी बोलतं.

"आणि आता?" बाई म्हणाल्या.

आता विचारतात. आमच्यात तसा रिवाज आहे, म्हटलं. घंटा झाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

रिवाज असा. पट्टाभिषेकाच्या आदल्या दिवशी मुलगा जन्मघराच्या उंबऱ्याबाहेर झोळी पसरून उभा राहतो. आईनं पाच ओंजळी ज्वारी वाढायची, पाच आचार्यांच्या पाच. मागणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. आईला कुणी घाई करायची नाही. पाचवी ओंजळ झोळीत पडली की तो मठाचा, मग आईनं त्याच्या पाया पडायचं. आणि पाचवी पडलीच नाही तर पट्टाभिषेक नाही. हत्ती दारात झुलत असला तरी नाही.

आजवर कुणी अडवलंय का, असं सा.बा.ना विचारलं. "कामून विचारायलीस?" म्हणाल्या, आणि वाती वळत बसल्या. आज गरजेपेक्षा जास्त वाती झाल्या.

२२ डिसेंबर, रविवार

कफनीचं कापड आलं. भगवं रेशीम, चांगलं जाड. गादीवर बसताना अंगावर आईच्या हातची कफनी लागते. म्हणजे आई तेवढ्यापुरती लागते.

माप कुणाचं घेऊ? पोराला सोळावं लागलं. माझ्या डोळ्यापुढं अजून ते गुडघे फोडून येणारं ध्यान. ह्यांचा सदरा अंथरला, त्यात खांद्याला दोन बोटं कमी केली. तुम्ही सोळाव्या वर्षी केवढे होतात, विचारलं तर म्हणाले, कडीपर्यंत हात पुरायचा. कुठल्या दाराची कडी ते काही आठवेना. असल्या मापानं मी कफनी शिवायची.

शेवटी लांबीला वीतभर जास्त धरलं, आत दुमडलं आणि टाके घातले. बसूच्या चड्ड्या अशाच शिवायची, वाढत्या अंगाच्या. दर दिवाळीला दुमड उसवायचं काम त्याचंच असायचं. दोरा तुटू न देता अख्खा ओढून काढायचा आणि मला दाखवायला आणायचा.

मशीनवर शिवायला घेतलं तेव्हा बरी होते. काजं करताना मात्र खूप रडले. रेशमावर डाग पडू नये म्हणून कापड बाजूला ठेवून रडले, एवढी अक्कल शाबूत आहे अजून.

१२ जानेवारी १९७५, रविवार. येळवस

वेळा अमावास्या, सगळे वावरात. कडब्याची कोप केली, पांडवांचे दगड मांडले, पूजा केली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्वारी यंदा उभ्या माणसाच्या डोक्यावर गेलीय. दुष्काळानंतर असं हिरवं बघितलं की पोटात बरं वाटतं.

पानं मांडताना माझ्याकडून एक जास्त मांडलं गेलं. सा.बा.नी बघितलं, मी पण बघितलं. तेवढ्यात वाघमारेबाई आणि त्यांचे मालक बांधावरून आले. आणखी एक पान टाकलं, दोघं बसले. निभावलं.

बाईंचा थोरला औरंगाबादला कॉलेजात. "माझा बी गेलाच की," म्हणाल्या, "पर सुट्टीला येतो, भाजीला नाक मुरडतो, भांडून जातो." मी म्हटलं, तुमचं नशीब थोर. त्या हसल्या. मला त्या भांडणाचा खरोखर हेवा वाटला.

१९ जानेवारी, रविवार

कफनी द्यायला मठात जाऊन आले. आपल्या पिंगळीहून पॅसेंजर, चुडाव्याला उतरून बैलगाडी. एवढंसं अंतर. सहा वर्षांत कितीदा वाटलं की बसावं आणि जावं. पण तो मठात नव्हताच, काशीला होता. रिकाम्या मठात जाऊन काय करायचं.

मठात नुसती धामधूम. सिंहासनाला रंग, छत्राला नवी झालर. थोरले अप्पा आतल्या खोलीत बाजेवर. दमा फार वाढलाय. सेवेकऱ्याला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाले, "उंडे आणलेस का गं, गिरजे? येळवस होऊन गेली, कुणी दिले न्हाईत मला." मी आणले नव्हते. लाज वाटली. महाराजांना उंडे कोण नेतं? सगळे पेढे नेतात.

मग आपणहून सांगायला लागले. त्यांच्या वेळी त्यांच्या आईनं ओंजळीऐवजी चिमूट चिमूट वाढली म्हणे. माणसं उन्हात ताटकळली, पोराचे पाय पोळले, तरी तिची पहिली ओंजळ भरेना. कुणी घाई करायची नाही, हा रिवाज तिनं पुरेपूर वापरला.

मी विचारलं, आणि वाढलीच नसती तर?

अप्पा आढ्याकडं बघत म्हणाले, "तर तुज्या घरात म्हातारा होऊन बसलो असतो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडलो असतो." हसले, मग खोकला आला. पाणी दिलं. जरा शांत झाल्यावर म्हणाले, "मला कुणी इचारलं न्हाई, गिरजे. तू इचार त्याला. त्यानं नको म्हणलं तर वाढू नको. मला राग यायचा न्हाई."

येताना गाडीत खिडकीशी बसले. पूर्णेला गाडी लय वेळ थांबली. चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी चहाला चव होती.

२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगून टाकलं. मी बसूला विचारणार. त्याच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय पाचवी ओंजळ नाही.

भडकले. पत्रिका वाटून झाल्यात, गावोगावच्या घागरी ठरल्यात, हत्तीला विसार दिलाय, आणि तू आता! घागरींचं मात्र खरं आहे. अभिषेकाला प्रत्येक गावच्या विहिरीचं पाणी लागतं, आणि कुणाची घागर आधी यावरून दोन गावांची तंटामारी झाली. शेवटी जन्मगाव म्हणून पिंगळीची पहिली. आपल्या गावाचा मान, आणि आपणच अडवायचं? लोक तोंडात शेण घालतील. असं बरंच बोलले.

मी म्हटलं, घालू देत.

दुकान उघडायला गेले. संध्याकाळी आले ते टोपी खुंटीला लावता लावता पाठ करूनच म्हणाले, "इचार. मला बी ऐकायचंय त्याचं." लग्नाला अठरा वर्षं होतील. ह्यांच्या पोटात काय आहे ते मला फक्त पाठमोरे असतानाच कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हत्ती आला! परभणीकडच्या रस्त्यानं सकाळी गावात शिरला आणि शाळा फुटली. दुसरी, तिसरी, चौथी, हेडमास्तर, सगळे बाहेर. उद्या चुडाव्याकडं जायचाय, आज मुक्काम आपल्याकडं. कुणी ऊस आणला, कुणी कडबा. एका म्हातारीनं पुरणपोळी आणली, ती त्यानं सोंडेनं घेऊन माहुताला दिली. माहुतानं खाल्ली.

दारापुढं सडे पडलेत, आंब्याच्या टहाळ्या बांधल्यात. विहिरीवर मांडव. पाणी काढायचा मान मिळालेल्या बायकांनी नव्या घागरींना हळदीकुंकू लावून ठेवलंय. पुरवंत गावात उतरलेत, तलवारी घासून ठेवल्यात, दुपारी त्यांच्या वीरभद्राच्या नाचाची तालीम झाली. बाया मला रस्त्यात थांबवून हात जोडतात. कालपर्यंत ह्याच बाया पोरं का नापास केली म्हणून भांडायच्या.

गावाला किती आनंद झालाय. मला त्यांचा राग येत नाही. दुष्काळानंतर पहिल्यांदा सगळे एका जागी गोड खाणार आहेत. माझं पोर त्यांचं निमित्त आहे एवढंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला.

स्टेशनवर ही गर्दी. पॅसेंजर थांबली, डब्यातून आधी दोन सेवेकरी उतरले, मग एक उंच मुलगा. मी त्याच्या मागं बघत होते, बसू कुठं आहे म्हणून. तो उंच मुलगाच बसू. मिशीची लव आलीय. ह्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच. म्हणजे माझं कफनीचं माप चुकलं.

गर्दीतून माझ्यापर्यंत आला, वाकून नमस्कार केला. "आपण बऱ्या आहात ना?"

आपण! मी काय कलेक्टरीण आहे? हो म्हटलं. तेवढ्यात संबळ वाजायला लागला आणि त्याला पुढं नेलं.

घरी उतरायचं नसतं, महादेवाच्या देवळात मुक्काम. सूर्य मावळला की उद्या भिक्षा होईपर्यंत मौन. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दूध घेऊन धावत गेले, तोवर दिवे लागले होते. तो ओवरीवर बसला होता. सेवेकरी बाजूला पितळी घासत होता, त्याला म्हटलं, जरा पाणी आणता का. गेला.

मी विचारलं. सरळच विचारलं. "बसू, तुला हे पाहिजे का? नको असलं तर मान हलव. बाकीचं मी बघते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी चूक केली की असंच बघायचा, पण चूक न करताही असंच बघायचा. मान नाही हलवली. होकाराला नाही, नकाराला नाही. दूध प्यायला. सेवेकरी पाणी घेऊन आला.

मौनात मान हलवायची पण बंदी असते का? सा.बा.ना विचारलं, त्यांना माहीत नाही. ह्यांना विचारलं, ते म्हणाले, असेल. असेल म्हणजे काय?

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. जसं झालं तसं लिहिते, नंतर मीच बदलून टाकीन म्हणून.

अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्यांच्या माळवदांवर माणसं. वाघमारेबाई तुळशीजवळ उभ्या होत्या, मुद्दाम मला दिसेल अशा. मी उंबऱ्याच्या आत, सुपात ज्वारी. ह्याच वर्षीची, आपल्या वावरातली. तो उंबऱ्याबाहेर. पांढरं धोतर, उघडं अंग, कपाळाला भस्म. आधी तो माझ्या पाया पडला. इथून पुढं आता पडायचा नाही. डोक्यावर हात ठेवला तर केस सगळे काढलेले. लहानपणी टाळूजवळ भोवरा होता, तो हाताला लागला.

त्यानं झोळी पसरली.

पहिली ओंजळ. दुसरी. मी हळू वाढत होते. कुणी घाई करायची नाही. तिसरी ओंजळ भरताना ठरवलं की त्याच्या तोंडाकडं बघायचं. बघितलं. काही कळेना. सहा वर्षांत माझ्या पोराचं तोंड मला वाचता येईनासं झालं. दुसऱ्यांच्या पोरांची वाचते, खोटं बोललं की लगेच ओळखते, आणि ह्याचं येईना.

चौथी वाढली.

पाचवी भरली आणि हात सुपावरच राहिले. मला नाही वाढायची, असं मी मनात म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं. संबळ थांबला. एकेक करून सगळे गप्प झाले. माळवदावर कुणाचं तान्हं रडत होतं, तेवढंच. ह्यांच्याकडं बघितलं, ते खाली बघत होते. सा.बा. दाराआड होत्या.

किती वेळ गेला माहीत नाही. ऊन त्याच्या खांद्यावर आलं होतं. आणि त्यानं ओठ न हलवता, झोळीकडंच बघत, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हटलं,

"माय, दे गं. मागं लोकं उभी हायत."

काशीची भाषा नाही, आपण नाही. सहा वर्षांपूर्वी जसा बोलायचा तसा. मौन मोडलं त्यानं. मागणाऱ्यानं बोलायचं नसतं, रिवाज मोडला.

माझे हात आपोआप पुढं गेले. लहानपणी असंच, पाणी दे म्हटलं की हात आधी जायचे. ज्वारी झोळीत पडली. उखळांचे बार झाले, हर हर महादेव झालं, कुणीतरी मला धरून वाकवलं. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. डाव्या अंगठ्याला विळ्याची खूण तशीच आहे.

कुणी ऐकलं नाही. ह्यांना विचारलं, बसू काही बोलला का? नाही म्हणाले. म्हणजे फक्त माझ्याजवळ आहे ते.

आता मी हे घेऊन काय करू? दे गं, म्हणजे त्याला पाहिजे होतं का? की लोकं उभी आहेत म्हणून? की नुसतेच हात दुखत होते?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं. चुडाव्यापासून मठापर्यंत गाड्याच गाड्या. घागरींची रांग. पिंगळीची पहिली आली, सगळ्या गावानं मान ताठ केली. मी पण केली, खोटं कशाला बोलू. मोठ्या पीठाहून आलेल्या गुरूंनी पाच कलशांचं पाणी घातलं, मग गावोगावचं. माझ्या रोजच्या विहिरीचं पाणी त्याच्या अंगावर पडताना बघितलं. थंड असतं ते सकाळी. त्यानं जरा खांदे आवळले.

भस्म, रुद्राक्ष, हातात दंड, डोक्याला किरीट. थोरल्या अप्पांना खुर्चीवरून आणलं होतं, त्यांनी स्वतः हात धरून गादीवर बसवलं. नवं नाव पुकारलं. लांबलचक आहे, पत्रिकेत दीड ओळ लागलीय.

कफनी त्याला बरोबर आली होती. मी चक्रावले. स्टेशनवर बघितलं तेव्हाच खात्री होती की आखूड होणार. मग आडव्या पालखीतून मिरवणूक समोरून गेली तेव्हा दिसलं. खालच्या काठावर दुमडीची जुनी रेघ होती. कुणीतरी वीतभर उसवलं होतं.

जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्या सेवेकऱ्याला सहज विचारलं, कफनी कुणी लांब केली? तो म्हणाला, "नव्या अप्पांनी सोता. सुई मागून घेतली, सगळा दोरा अख्खा काढला."

बुंदी खाता येईना. वाघमारेबाईंनी माझ्या पानातली त्यांच्या पानात घेतली, कुणाला दिसू नये म्हणून.

३ मार्च, सोमवार

शाळा. दुसरीला हातच्याच्या बेरजा. पोरांनी विचारलं, बाई, तुमचा मुलगा राजा झाला का? झाला म्हटलं. मग तुम्ही राजवाड्यात का नाही जात? बेरजा करा म्हटलं.

इथं नाव काय लिहायचं त्याचं? बसू लिहिलं तर कसंतरी वाटतं. महाराज लिहिलं तर हात चालत नाही. नुसतं ब. लिहीन.

२२ जून, रविवार

थोरले अप्पा गेले. मठाच्या आवारात समाधी दिली. उंडे नेऊन द्यायचे राहिलेच. उन्हाळ्यात कोण उंडे करतं, असं म्हणत राहिले.

ब.ला लांबून बघितलं. हाडकुळा झालाय. सगळे त्याच्याच पाया पडत होते, त्याचं सांत्वन कुणी करत नव्हतं. पुढं व्हावं असं फार वाटलं. मधे माणसं होती. आणि माणसं नसती तरी काय केलं असतं?

१४ डिसेंबर, रविवार

गादीवर बसल्यापासून पहिलाच गावफेरा. आज पिंगळी. घरोघर पाद्यपूजा. प्रत्येक घरी महाराज एकच प्रश्न विचारतात, घरात माणसं किती? घरधनीण सांगते, आणि माणशी विभूतीची एक वडी मिळते, वर्षभर लावायला. थोरल्या अप्पांपासूनची पद्धत.

आमच्या घरी तिसऱ्या प्रहरी आले. घर म्हणून वेगळं काही नाही, रांगेत होतं तसं आलं. पाटावर बसले. ह्यांनी तांब्या धरला, मी पाय धुतले. अंगठ्याच्या खुणेवरून जरा जास्त वेळ हात फिरला असेल. त्यांनी पाय मागं घेतला नाही.

मग विचारलं, सगळ्यांना विचारतात त्याच आवाजात. घरात माणसं किती?

"चार," मी म्हटलं.

तोंडून गेलं. मुद्दाम नाही. मामंजी गेल्यापासून शिधा काढताना, पीठ भिजवताना चार चार करत पुन्हा तीनवर यायची, ते आज तीनवर आलंच नाही. सा.बा.नी माझ्याकडं बघितलं. ह्यांनी तांब्या खाली ठेवला. झोळीवाला सेवेकरी पिंगळीचाच, तो म्हणाला, "अप्पा, इथं तिघंच हायत."

महाराज माझ्याकडं बघत नव्हते. समोर, तुळशीकडं कुठंतरी. "घरच्या बाईनं चार सांगितलेत," म्हणाले. "चार द्या."

दिल्या. उठले, शेजारच्या घरी गेले. तिथंही विचारलेलं ऐकू आलं, घरात माणसं किती? तोच आवाज.

त्यांना कळलं का? की कुणी काहीही आकडा सांगितला तरी तेवढ्या देतात? शेजारणीला विचारून बघावं म्हटलं. मग नको वाटलं.

चारही वड्या भिंतीतल्या देवळीत ओळीनं ठेवल्या. माझी, ह्यांची, सा.बा.ची. आणि एक.

१ जानेवारी १९७६, गुरुवार. येळवस

पहाटेच उठले, उंडे केले. शाळेला सुट्टी टाकलीय. यंदा ज्वारी मागच्या सालाइतकी नाही, पण बरी आहे. वाघमारेबाईंचा थोरला आलाय, त्यालाही घेऊन येणार आहेत. रात्रीच भांडण झालं म्हणे मायलेकांचं.

अंघोळ करून विभूती लावायला देवळीपाशी गेले. आमच्या तिघांच्या वड्या झिजून कडेनं गोल झाल्यात, रोज बोट घासून घासून. चौथीला मी हात लावत नाही, नुसती बघते.

आज बघितलं तर चौथीचीही एक कड झिजलेली.

सा.बा. चुलीपाशी होत्या. हे बाहेर बैलांना पाणी दाखवत होते, पाठमोरे. मी कुणालाच विचारलं नाही. गाडी जुंपून झाली होती, उंड्यांचं टोपलं घेऊन निघाले.